कूलरसमोरची स्टॉकबुकं: चिकटलेल्या आणि हरवलेल्या तिकिटांचं एक प्रकरण

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावातलं हे प्रकरण आहे. टपाल तिकिटांचा हा संग्रह जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींचा. तीन स्टॉकबुकं (पानांवरच्या आडव्या पट्ट्यांत तिकिटं सरकवून ठेवायच्या वह्या), हिंज, म्हणजे तिकीट पानाला जोडणारे डिंकाच्या कागदाचे छोटे तुकडे, लावून भरलेला एक जुना अल्बम, शंभरेक फर्स्ट डे कव्हरं (तिकीट निघाल्याच्या दिवसाचा शिक्का मारलेले लिफाफे) आणि कागदावरून अजून न सोडवलेल्या वापरलेल्या तिकिटांनी भरलेला बुटाचा एक खोका. नावापत्त्याची गरज नाही म्हणून ते दिलेलं नाही. नुकसान कसं झालं, कशामुळे वाढलं आणि त्यातलं किती सावरलं, एवढंच इथे नोंदवायचं आहे. विदर्भातल्या बहुतेक घरांत उन्हाळा असाच काढला जातो, त्यामुळे हे दुसऱ्या कुणाच्याही घरी होऊ शकतं.

एरवी हा संग्रह आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असायचा. एप्रिलमध्ये घरात लग्न निघालं, कपाट कपड्यालत्त्याला लागलं आणि स्टॉकबुकं समोरच्या खोलीतल्या सिमेंटच्या फळीवर गेली. तीनही आडवी, एकावर एक, आणि वर आहेराच्या साड्यांची पेटी. फळीच्या समोरच्या भिंतीत खिडकी, खिडकीत कूलर, अंतर सहा-सात फूट. पाहुण्यांनी भरलेलं घर, त्यात मे महिना, म्हणजे कूलर रात्रंदिवस चालू. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाचा पत्ता नसताना, नातवानं सगळ्यात खालचं पुस्तक उघडायला घेतलं तर पानं करकर आवाज करत सुटू लागली.

"आबाजी, तिकिटं सारे चिपकून गेले ना जी!"

यानंतरच्या तासाभरात जे झालं, त्यानं नुकसान सर्वांत जास्त वाढवलं. चार तिकिटं नखानं ओढून काढली, चारही फाटली किंवा मागून सोलली गेली. एक पान गच्चीवर उन्हात ठेवलं. एका पानावर कोमट इस्त्री फिरवली. फाटलेल्या एका तिकिटाला मागून चिकटपट्टी लावली. हे सगळं पंख्याखाली चाललं होतं, त्यामुळे सुटी झालेली तीन तिकिटं उडाली आणि संध्याकाळी खोली झाडून निघाली.

दुसऱ्या दिवशी मोजदाद झाली. चिकटलेली मिंट (न वापरलेली) तिकिटं ८७: त्यांतली ५२ एकमेकांना आणि ३५ स्टॉकबुकच्या पट्टीला. फाटलेली ४, गायब ३. याशिवाय तीन मिनिएचर शीट (मोजकी तिकिटं आणि भोवती रुंद कड असलेले छोटे ताव) एकमेकांना, आणि चंदनाच्या वासाच्या २००६ सालच्या तिकिटांचं एक शीट प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटलेलं.

पावसाशिवाय ओल आली कुठून

घरच्यांचा पहिला समज असा की भिंतीला ओल आली असावी. भिंत खडखडीत होती. दोष कूलरचा, आणि तो समजून घेणं गरजेचं आहे, कारण पावसाळ्याची काळजी सगळेच घेतात, उन्हाळ्याची कुणी घेत नाही.

तिकिटामागचा डिंक हवेतला ओलावा ओढतो. डिंकाचे खडे पावसाळ्यात डब्यातच एकमेकांना लागतात, तसाच हा थर. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. दारं-खिडक्या लावून कूलर सुरू केला की तीच खोली ७० टक्क्यांच्या वर सहज पोचते, कारण कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी मिसळूनच. बाहेर निघायला वाट नसेल तर ते पाणी खोलीतच राहतं. पहाटे तापमान उतरलं की आर्द्रता आणखी वर. मग सकाळी लाईन जाते, कूलर बंद पडतो, दार उघडलं जातं, आणि दुपारपर्यंत खोली पुन्हा कोरडी ठक्क.

म्हणजे डिंक रोज रात्री मऊ होत होता आणि रोज दुपारी कडक. मऊ असताना तो शेजारच्या कागदाला टेकला, कडक होताना त्याला धरून बसला. दीड महिना हे असं रोज चाललं. नुसती एकदा ओल लागली असती तर इतकं घट्ट चिकटलं नसतं. हवा वर-खाली होत राहणं हे एका ओल्या आठवड्यापेक्षा वाईट.

दुसरं कारण वजन. आडव्या ढिगात सगळ्यात खालच्या पुस्तकावर दोन पुस्तकांचा आणि पेटीचा भार होता, आणि ८७ पैकी ७१ तिकिटं त्याच पुस्तकातली. सगळ्यात वरच्या पुस्तकात एकही तिकीट चिकटलं नाही, जरी वारा त्यालाच जास्त लागत होता. त्याचं श्रेय मात्र फक्त हलक्या वजनाला देता येणार नाही. त्या पुस्तकात गुरुजींनी एका कप्प्यात एकच तिकीट ठेवलं होतं, खालच्यात मात्र जागा वाचवायला तीन-तीन, चार-चार तिकिटं एकावर एक सरकवलेली. एकाचा डिंक दुसऱ्याच्या छापावर. मिंट तिकिटं अशी ठेवायची नसतात, वापरलेली ठेवली तर एक वेळ चालतं.

चंदनाच्या शीटची गोष्ट वेगळी. ते पाकीट शाळेच्या फायलीला लावतात तसल्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकचं होतं, म्हणजे पीव्हीसीचं. या प्लास्टिकला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य उष्णतेनं बाहेर झिरपतं आणि छपाईची शाई धरतं. इथे आर्द्रता नसती तरी हेच झालं असतं. तिकिटांसाठी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन चालतं: ते कडक असतं, चुरगाळलं की कुरकुर वाजतं आणि त्याला वास येत नाही.

हात लावण्याआधी

कूलर बंद. पंखा बंद. पुस्तक जसं आहे तसं आतल्या खोलीत, टेबलावर, पंख्यासारखं अर्धवट उघडून उभं. सुटणारी पानं सुटू द्यायची, न सुटणारी तशीच ठेवायची. दोन दिवस एवढंच केलं, आणि इथे घरच्यांचा धीर सुटत होता, कारण काही न करणं म्हणजे दुर्लक्ष करणं असं वाटतं. तसं नाही. अर्धवट ओला डिंक ओढला की कागद सोलतो. पुढचे उपाय निवडायचे तर डिंक आधी एका स्थितीत स्थिर व्हायला हवा.

या दोन दिवसांत प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढले, सरळ वरून, खिडकीच्या उजेडात, कोपऱ्यात पान-क्रमांकाची चिठ्ठी ठेवून. कोणतं तिकीट कोणाच्या खाली आहे हे नंतर आठवत नाही. शिवाय हरवलेलं तिकीट नेमकं कोणतं, हे जुन्या यादीशी फोटो ताडूनच कळलं.

मग सगळ्या मालाची विभागणी केली. ज्यांना पाणी किंवा वाफ लागताच कामा नये अशी एक चळत: फर्स्ट डे कव्हरं, सुगंधी तिकिटं, २०११ साली खादीच्या कापडावर छापलेलं गांधीजींचं शीट, सोनेरी शाईची तिकिटं, आणि ज्यांच्यावर जांभळ्या शाईचा शिक्का आहे ती सगळी. जांभळी शाई पाण्यात पसरते आणि शेजारच्या तिकिटालाही रंगवते. वापरलेली, बिनडिंकाची तिकिटं वेगळी. एकमेकांना चिकटलेली मिंट वेगळी, पट्टीला चिकटलेली मिंट वेगळी.

हरवलेली तीन

चिकटलेल्यांपेक्षा आधी हरवलेल्यांकडे जावं लागतं, कारण घर रोज झाडलं जातं. सुदैवानं सूनबाईंनी तो केर अजून उकिरड्यावर टाकला नव्हता, दाराशी टोपलीत होता. तो जुन्या पांढऱ्या चादरीवर ओतून सुपानं थोडा-थोडा पसरवून पाहिला, पाखडला नाही. पाखडलं की हलकं तिकीट भुशाबरोबर पहिलं उडतं. त्यात एक सापडलं, कबीरांचं नऊ पैचं, खालचा उजवा कोपरा दात्यांसह (कडेच्या छिद्रांमुळे उरणाऱ्या टोकांसह) गेलेला.

खोलीत शोधायची रीत अशी: पंखे बंद, दारं लावलेली, बॅटरी जमिनीला टेकवून आडवा झोत टाकायचा. सपाट पडलेलं तिकीट वरून दिसत नाही, आडव्या उजेडात त्याची कड सावली पाडते. भिंतीकडून मध्याकडे, पट्ट्या पाडून. पाय उचलून पाहायचे, चपलांचे तळ पाहायचे, झाडूचे बुंधे पाहायचे. दुसरं तिकीट मात्र जमिनीवर नव्हतंच. ते टेबलावरच्या मेणकापडाच्या खालच्या बाजूला चिकटलं होतं, अखंड. कोरड्या हवेत प्लास्टिकला घर्षणानं येणारी वीज हलका कागद ओढून घेते, म्हणून प्लास्टिकची प्रत्येक वस्तू उलटून पाहायलाच हवी, पाकिटांच्या आत बोट घालूनसुद्धा.

तिसरं सापडलं नाही. ते सूरदासांचं चार आण्यांचं, १ ऑक्टोबर १९५२ ला आलेल्या संत-कवींच्या सहा तिकिटांतलं. कबीरही त्याच संचातले. नाशिकच्या छापखान्यानं फोटोग्रेव्ह्युअर (कोरलेल्या सिलिंडरवरून छपाई) पद्धतीनं छापलेली ही पहिली तिकिटं, म्हणून संच मोडल्याचं गुरुजींना फार लागलं. यादीत त्या जागी "हरवलं" असं तारखेसह लिहिलं आणि कप्पा रिकामा ठेवला. रिकाम्या कप्प्यात दुसरं काही सरकवलं की वर्षभरानं काय होतं आणि काय नव्हतं याचा पत्ता लागत नाही.

फ्रीझर

पट्टीला चिकटलेल्या तिकिटांवर आधी फ्रीझर वापरला. कोरडा, कडक डिंक थंडीनं कागदापेक्षा आणि प्लास्टिकपेक्षा वेगळा आकसतो आणि गुळगुळीत पृष्ठभागावरची त्याची पकड सुटते. हे फक्त डिंक पूर्ण कोरडा असेल तरच होतं, आधीचे दोन दिवस याच्यासाठीही हवे होते.

पान किंवा तिकिटांचा गठ्ठा टिपकागदाच्या दोन तुकड्यांत ठेवून झिप लागणाऱ्या पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फ जमतो, म्हणून खाली स्टीलचं ताट, बर्फाला टेकू द्यायचं नाही. चोवीस तास. लाईन गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही.

बाहेर काढल्यावर पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. पिशवी उघडायची नाही. पिशवीतच पट्टी दोन्ही टोकांना धरून अगदी किंचित वाकवायची. सुटणार असेल तर टक् असा बारीक आवाज येतो आणि तिकीट उचलतं. जास्त वाकवलं तर गारठलेला कागद मोडतो. पिशवी लगेच उघडली तर खोलीतली वाफ थंड तिकिटावर जमते आणि आपण पुन्हा पहिल्या जागी येतो. म्हणून वाकवून झाल्यावर पिशवी तशीच दोन तास ठेवायची, पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची. न सुटलेली तिकिटं पुन्हा चोवीस तास.

दोन फेऱ्यांत ३१ तिकिटं सुटली. त्यांतली २२ पट्टीवरची, ९ एकमेकांना चिकटलेली. तिसरी फेरी केली नाही, दुसरीतच फार थोडी सुटली होती.

वाफेचा डबा

एकमेकांना घट्ट बसलेल्या तिकिटांचा डिंक परत मऊ करण्यावाचून इलाज नव्हता, पण पाण्यात न बुडवता. त्यासाठी झाकण घट्ट बसणारा दोनेक लिटरचा प्लास्टिकचा डबा घेतला. तळाशी पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला पंचा, थेंब गळता कामा नये. त्यावर भाजी निथळायची प्लास्टिकची जाळी उलटी, म्हणजे तिकिटं पंच्यापासून तीन-चार सेंटीमीटर वर राहतात. झाकणाच्या आतून टिपकागद लावला. तो लावायचा राहिला तर झाकणावर जमलेलं पाणी थेंब होऊन थेट तिकिटावर पडतं, आणि एका थेंबानं डिंकावर कायमचा गोल डाग उरतो. डबा सावलीत. ऊन किंवा चूल जवळ नको.

पहिल्यांदा अर्ध्या तासानं पाहायचं, मग दर पंधरा मिनिटांनी. पाहायचं म्हणजे चपट्या टोकाच्या चिमट्यानं एक कोपरा हलवून बघायचा, ओढायचं नाही. पातळ डिंकाची तिकिटं चाळीस मिनिटांत सुटली. जुन्या, जाड, चकचकीत डिंकाच्या तिकिटांना तीन ते पाच तास लागले. रात्रभर विसरून ठेवणं धोक्याचं, जूनच्या उष्णतेत बंद ओल्या डब्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

सुटल्यावर तिकीट छापाची बाजू खाली, डिंक वर, असं बेकिंगच्या सिलिकॉन कागदावर ठेवायचं. साध्या बटर पेपरला डिंक पुन्हा चिकटू शकतो, सिलिकॉनच्या थराच्या कागदाला चिकटत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी डिंकाचा चिकटपणा गेला की तशाच दोन कागदांत ठेवून वर एक-दोन पुस्तकांचं वजन, एक दिवस.

इथे सर्वांत काळजीचं काम होतं ते गांधीजींच्या तिकिटांचं. १५ ऑगस्ट १९४८ ला दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये असा चार तिकिटांचा संच आला, स्वित्झर्लंडच्या कुर्वाझिए छापखान्यात छापलेला. दहा रुपयांचं गुरुजींकडे वापरलेलं होतं आणि ते हिंजच्या अल्बममध्ये सुखरूप होतं. बाकीची तीन मिंट, आणि तीनही एका कप्प्यात, एकावर एक. त्यांतलं वरचं साडेतीन आण्यांचं नखानं ओढलेल्या चारांपैकी एक. दीड आणा आणि बारा आणे डब्यात चार तासांनी वेगळे झाले. बारा आण्यांच्या छापावर दीड आण्याचा डिंक पातळ थरानं उरला. तो तसाच ठेवला. ओल्या कापसानं पुसायचा मोह होतो, पण शाईच्या बाजूला घासणं म्हणजे चमक घालवणं. दोन्हींचा डिंक आता मूळचा राहिलेला नाही, त्यावर बोटाएवढे मंद पट्टे आहेत आणि ते दिसतात.

डब्यातून एकूण ३९ निघाली. राहिली १७. त्यांतल्या १२ तिकिटांबाबत निर्णय सरळ होता: १९७० नंतरची, सहज मिळणारी, बाजारात फारशी किंमत नसलेली. ती साध्या पाण्यात बुडवून, डिंक जाऊ देऊन सोडवली आणि 'मिंट, बिनडिंकाची' म्हणून वेगळी ठेवली. उरलेली ५ पट्टीला इतकी एकजीव झाली होती की पट्टीच कापून तिकिटांसह ठेवली. पट्टीवर बसलेलं अखंड तिकीट हे सोललेल्या तिकिटापेक्षा चांगलं.

मिनिएचर शीटांना डबा लावला नाही. त्यांतलं एक १४ नोव्हेंबर १९७३ चं, इंडिपेक्स या तिकीट-प्रदर्शनाचं होतं. भारताच्या टपाल खात्यानं काढलेलं ते पहिलं मिनिएचर शीट. मोठा कागद ओलाव्यानं असमान ताणला जातो आणि लाटा पडतात. ती तिन्ही फ्रीझरमध्ये दोनदा घातली. दोन सुटली, इंडिपेक्सच्या शीटची वरची कड मात्र अजून दुसऱ्या शीटला सुमारे दोन सेंटीमीटर धरून आहे.

फाटलेली, इस्त्री झालेली, पट्टी लावलेली

मागून सोललेल्या जागेला संग्राहक थिन म्हणतात. उजेडासमोर धरलं की ती जागा पांढुरकी, पारदर्शक दिसते. तिच्यात कागदाचा लगदा भरणं, नवा डिंक लावणं, हे घरी करायचं नाही. केलं की तिकीट नुसतं खराब न राहता फसवं होतं, आणि पुढे ते कुणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही. चारही तिकिटं वेगळ्या पाकिटात, सोबत चिठ्ठी. तिकिटामागे पेन्सिलनं लिहायचं नाही.

चिकटपट्टी ताजी होती म्हणून निघाली. वर्षानुवर्षं राहिली असती तर तिचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरला असता. लायटरमध्ये भरायचं फ्लुइड बारीक ब्रशनं फक्त मागून, पट्टीच्या कडेला, थेंबाथेंबानं. ते पाण्यासारखं डिंक विरघळवत नाही आणि लगेच उडून जातं. पण फोटोग्रेव्ह्युअरच्या काही शाया अशा द्रवानं सुटतात, म्हणून आधी त्याच काळातल्या एका बिनकामाच्या तिकिटावर करून पाहिलं. खिडकी उघडी, घरात गॅस, चूल, उदबत्ती काही पेटलेलं नको. पट्टी निघाल्यावर साडेतीन आण्यांच्या तिकिटाची डावीकडे तीन मिलीमीटरची चीर उघडी पडली, ती तशीच आहे.

उन्हात ठेवलेल्या पानावरची तिकिटं नळीसारखी वळली होती, त्यांतल्या दोन तिकिटांचा डिंक तडकला. डिंकाची तड बारीक असली तरी पुढे कागदात उतरते, म्हणून ती सपाट करायच्या भानगडीत न पडता आधी दोन दिवस आतल्या खोलीत ठेवली, मग हलक्या वजनाखाली. इस्त्रीच्या पानावर उपाय नाही. उष्णतेनं डिंक पट्टीत मुरला, वर सांगितलेली पाच तिकिटं त्याच पानाची.

खोक्यातली वापरलेली तिकिटं

याच निमित्तानं ती भिजवून काढली. त्यातली एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, पाणी. गावच्या बोअरचं पाणी जड, त्यात लोह असेल तर कागदावर पिवळट झाक येते. पिण्याच्या कॅनचं पाणी वापरलं. परातीत एका वेळी वीस-पंचवीस तिकिटं, छाप वर, पंधरा ते वीस मिनिटं. तिकीट आपणहून कागदावरून सरकलं पाहिजे. लाल, जांभळ्या, हिरव्या लिफाफ्यांचे तुकडे वेगळ्या वाटीत, एकेक. दुसऱ्या स्वच्छ पाण्यात मागचा उरलेला डिंक बोटानं चोळून काढायचा. हा टप्पा राहिला की वाळवताना तिकीट टिपकागदालाच चिकटतं. वर्तमानपत्रावर वाळवू नये, शाई उतरते.

आता संग्रह कुठे आहे

कपाट परत मिळालं. स्टॉकबुकं त्यात उभी आहेत, हात सहज आत जाईल इतकी सैल. कपाट चार विटांवर, भिंतीपासून वीतभर पुढे, मोरीच्या भिंतीला नाही. टिनाच्या खोलीत ठेवायचं नाही हे ठरलं आहे. लोखंडाचं असल्यानं वाळवीची भीती कमी, कसर मात्र फटीतून येते आणि तिला डिंक आवडतो, म्हणून महिन्यातून एकदा पानं चाळायची.

कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या, त्या काढल्या. त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ आणि धुरकट करते. तिकीट ठेवायचे पारदर्शक माउंट (छोटी पाकिटं) बऱ्याचदा पॉलिस्टायरीनचे असतात आणि त्यांना ती लवकर बाधते. स्टॉकबुकात घातलेली कडुनिंबाची पानंही काढली. ओलं पान कागदावर आपला तपकिरी ठसा सोडतं.

शे-सव्वाशे ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) कापडाच्या दोन पुरचुंड्यांत, कपाटाच्या एका कप्प्यात, पुस्तकांना न टेकता. शेजारी आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र. ४५ ते ५५ टक्के ठीक, ६५ च्या वर बुरशीला वाव. रंग बदललेलं जेल जाड बुडाच्या जुन्या कढईत मंद आचेवर रंग परत येईपर्यंत हलवत तापवायचं, ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नाही. हे तापवणं मुख्यतः जून ते ऑक्टोबर. मार्चअखेर सिलिका जेल कपाटातून बाहेर काढायचं, हे मुद्दाम सांगावं लागतं. आपल्या उन्हाळ्यात हवा आधीच इतकी कोरडी असते की जेल ठेवलं तर डिंक तडकतो. उन्हाळ्यात कपाट बंद ठेवणं आणि कूलरच्या खोलीपासून दूर ठेवणं, एवढंच पुरे.

भरपाईचा विचार घरात झाला. घराच्या विमा पॉलिसीत टपाल तिकिटं, नाणी, हस्तलिखितं अशा वस्तू वेगळ्या नमूद करून घेतल्याशिवाय सहसा धरत नाहीत. त्यांच्या पॉलिसीत नमूद नव्हती. पोस्ट खराब झालेली तिकिटं बदलून देत नाही. अलीकडच्या काळातली काही तिकिटं नागपूर जीपीओच्या (मुख्य टपाल कार्यालयाच्या) फिलाटेलिक ब्युरोत, म्हणजे संग्राहकांसाठीच्या विभागात, अजून विक्रीला असतील तर मिळतील, तेवढी यादी करून पाठवली आहे. जुन्यांसाठी विक्रेते आणि वाट पाहणं.

संग्रहाच्या वहीत सुटलेल्या ७० तिकिटांपुढे "डिंक विस्कळीत" असा शेरा आहे, दात्यांचे नुकसान असेल तिथे कोणत्या बाजूचे तेही. अदलाबदलीत ही तिकिटं द्यायची वेळ आली तर आधी वही दाखवायची असं गुरुजींनी नातवाला बजावलं आहे. नऊ तिकिटांवर तपकिरी टिपके दिसू लागले आहेत. ती बाकीच्यांपासून वेगळी, ग्लासिनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटांत ठेवली आहेत. त्यांच्यावर ब्लीच किंवा पेरॉक्साइड वापरायचं नाही. चंदनाचं शीट अजून पाकिटातच आहे आणि इंडिपेक्सच्या शीटची ती दोन सेंटीमीटरची कडही तशीच. दोन्हींना दिवाळीनंतर, हवा स्थिर झाली की हात लावायचा आहे.